प्रेशर नॉर्मल आलं, मग गोळी कशाला?

कायमची सोबत करणाऱ्या आजारांबद्दल आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरं आमच्या वैद्यकीय सल्लागारांची. औषधाचा डोस मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच बदलावा.

प्रश्न : वडिलांना (वय 62) ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे. घरचं मशीन एकदा 128 दाखवतं, दहा मिनिटांनी 150. आकडा चांगला आला की ते आठवडाभर गोळी घेत नाहीत. मशीन बदलावं का?

उत्तर : आधी मोजण्याची पद्धत तपासा. जिना चढून आल्या आल्या, बोलता बोलता किंवा लघवी तुंबलेली असताना मोजलं की आकडा सहज दहाने वर जातो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नको. पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा हृदयाच्या पातळीला येईल; हात खाली लोंबत असेल तर आकडा वाढीव येतो. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर बांधा. बाही वर सरकवल्यावर तीच दंडाला आवळत असेल, तर सरळ शर्ट काढा. एकदा टेपने दंडाचा घेर मोजून पट्ट्यावर छापलेल्या सेंटिमीटरशी ताडून पाहा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की नसलेलं प्रेशर दिसतं. हा घोळ बऱ्याच घरांत असतो आणि खापर मशीनवर फुटतं.

सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, दर वेळी एक मिनिटाच्या अंतराने दोनदा, असं सात दिवस लिहून ठेवा. पहिला दिवस सोडून बाकी आकड्यांची सरासरी काढा. दवाखान्यात 140/90 ही जी रेषा धरतात, ती घरच्या मोजणीत 135/85 असते. एकट्यादुकट्या आकड्यावरून काहीच ठरवू नये, वाईट आला तरी आणि चांगला आला तरी.

आता गोळीचं. आकडा नॉर्मल आला तो गोळीमुळेच. अ‍ॅम्लोडिपिनसारखं औषध अंगातून जायला काही दिवस घेतं, म्हणून सोडल्यावर लगेच काही बिघडत नाही आणि माणूस फसतो. ब्लडप्रेशरचंच मेटोप्रोलॉल किंवा क्लोनिडिन एकदम तोडलं तर मात्र प्रेशर आणि नाडी उसळी मारतात. हृदयविकार असलेल्याच्या ते जिवावर बेतू शकतं. वाढलेलं प्रेशर बहुतेकांना जाणवतच नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, आणि तेवढ्या काळात मूत्रपिंडं, डोळ्यांचे पडदे आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या झिजत राहतात. वडील गोळी का टाळतात हेही शांतपणे विचारा. पायांवर सूज, कोरडा खोकला, उठताना चक्कर असं काही होत असेल आणि ते बोलत नसतील, तर दुसरी गोळी देता येते.

प्रश्न : उपाशीपोटीची साखर 112 आणि एचबीएवनसी 8.2. लॅबची चूक आहे का?

उत्तर : बहुधा नाही. उपाशीपोटीची तपासणी त्या सकाळचं सांगते. एचबीएवनसी म्हणजे तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. पेशी साधारण 120 दिवस जगते, त्यामुळे हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब देतो आणि त्यात शेवटच्या महिन्याचा वाटा सर्वांत मोठा असतो. 8.2 म्हणजे सरासरी साखर 190 च्या आसपास. सकाळी 112 असताना सरासरी एवढी येते, तेव्हा साखर बहुतेक जेवणानंतर चढत असते. चार-पाच दिवस जेवणाचा पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी मोजा, कधी दुपारी तर कधी रात्री, आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. सोबत हिमोग्लोबिनही तपासा. लोहाच्या कमतरतेने एचबीएवनसी खोटा वाढू शकतो. नुकताच रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त भरलं असेल तर तो खोटा कमी येऊ शकतो.

प्रश्न : आईला मधुमेह आहे, ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) चालू आहे. मध्यरात्री घाम, थरथर, साखर 58. घाबरून आम्ही चॉकलेट, बिस्किटं, जे हाताला लागेल ते भरवलं. सकाळी साखर 260! काय चुकलं?

उत्तर : उपाय बरोबर होता, पदार्थ आणि माप चुकलं. साखर 70 च्या खाली गेली की 15 ग्रॅम ग्लुकोज द्यायचं. म्हणजे ग्लुकोज पावडर किंवा साधी साखर, चहाचे तीन सपाट चमचे, पाण्यात विरघळवून. चॉकलेट-बिस्किटातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. मधल्या वेळात फरक दिसत नाही, म्हणून घरचे आणखी भरवतात आणि मग सगळं एकदम चढतं. ग्लुकोज दिल्यावर 15 मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं. अजून 70 च्या खाली असेल तर तेवढंच परत. ती पंधरा मिनिटं फार लांब वाटतात, पण थांबायलाच हवं. साखर वर आल्यावर थोडं खायला द्या.

माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा.

ग्लिमेपिराइडचा परिणाम बराच वेळ टिकतो, त्यामुळे साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. त्या रात्री दर दोन तासांनी मोजायला हवं होतं. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका: डोस जास्त होतोय किंवा मूत्रपिंडांचं काम मंदावलंय, हे बघायला हवं.

प्रश्न : मी 38 वर्षांची. संधिवात (र्‍हुमॅटॉइड) आहे. सूज उतरली, रिपोर्ट चांगले आले, तरी थकवा जात नाही. घरचे म्हणतात, 'दिसतेस तर बरी!' हे मनाचं आहे का?

उत्तर : तुमचा थकवा खरा आहे. या आजारात तो सांध्यांची सूज ओसरल्यावरही मागे राहू शकतो. 'मनाचं आहे' म्हणून सोडून देण्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि झोप तपासून घ्या. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेत असाल तर अनेकांना त्याच्या दुसऱ्या दिवशी गळून गेल्यासारखं होतं. फॉलिक अ‍ॅसिड आणि डोसची वेळ याबद्दल विचारा. आणि मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच असते. चुकून रोज घेतली गेली तर जीव जाऊ शकतो, म्हणून वार ठरवून तो पाकिटावर ठळक लिहा.

दिवसाच्या आखणीत नेहमी होणारी चूक अशी: चांगल्या दिवशी साचलेली सगळी कामं उरकायची आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढायचे. दोन आठवडे नोंद ठेवा: कुठलं काम, किती मिनिटं, दुसऱ्या दिवशी काय झालं. समजा 40 मिनिटं उभं राहून काम केल्यावर दुसरा दिवस वाया जातो, तर 25 मिनिटांवर थांबा, दहा मिनिटं बसा, मग उरलेलं करा. अंगात बळ असलं तरी थांबा; तेच सर्वांत अवघड असतं. जमलं की हळूहळू पाच मिनिटं वाढवा. हलका, नियमित व्यायाम थकवा कमी करतो. पूर्ण विश्रांतीने स्नायू आणखी दुबळे होतात.

दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस उदास वाटत असेल किंवा कशातच रस उरला नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. दीर्घ आजारात नैराश्य पुष्कळदा येतं आणि त्यावर उपचार आहेत. घरच्यांना हे उत्तर वाचायला द्या. 'बरी दिसतेस' म्हणण्यापेक्षा 'आज किती जमेल?' असं त्यांनी विचारलं, तर तुम्हाला दर वेळी आजार सिद्ध करत बसावं लागणार नाही.

प्रश्न : थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम सकाळी एकदमच घेते. टीएसएच (थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं की रक्तात वाढणारा आकडा) वाढतच चाललाय.

उत्तर : कॅल्शियम आणि लोह थायरॉइडची गोळी आतड्यात नीट शोषू देत नाहीत. थायरॉइडची गोळी उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर घ्या. अर्धा ते एक तास चहा-कॉफीही नको. कॅल्शियम चार तासांनी, नाहीतर सरळ दुपारच्या जेवणाबरोबर. हा बदल केल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी तपासा, त्याआधी नाही. तो स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी किमान दोन दिवस ते बंद ठेवा, नाहीतर रिपोर्टच चुकीचा येऊ शकतो.