फेणीच्या लेबलासाठी फोटोशॉपमध्ये दोन स्पॉट रंगांची फाइल कशी तयार करावी?

म्हापशाच्या छापखान्याने आपल्याकडे केशरी काजूफळ आणि गडद हिरवी अक्षरे अशा दोनच शाईंची फाइल मागितली आहे, तेव्हा फोटोशॉपमध्ये प्रत्येक शाईसाठी चॅनेल्स पॅनेलमधून स्वतंत्र स्पॉट चॅनेल (आधीच मिसळलेल्या एका शाईचा, म्हणजे स्पॉट रंगाचा, वेगळा थर) तयार करावे आणि त्याला पॅन्टोन या प्रमाण रंगसूचीतील क्रमांकाचेच नाव द्यावे. लेबल पानाच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये जाणार असेल, तर तेथील नाव अक्षरशः तेच असले पाहिजे. नाहीतर तिसरी प्लेट (प्रत्येक शाईचा वेगळा छपाईचा पत्रा) निघते आणि तिचा खर्च आपल्याच माथी येतो.

खरी मेख पुढे आहे. स्पॉट चॅनेलमधील आकार खालच्या रंगाला आपोआप छेद देत नाही, तो त्याच्यावरच छापला जातो. त्यामुळे केशरी फळावर आलेली हिरवी अक्षरे मळकट तपकिरी दिसतात. यासाठी हिरव्या चॅनेलचे सिलेक्शन घेऊन ते किंचित आकुंचित करावे आणि केशरी चॅनेलमधील तेवढा भाग पांढरा करावा, म्हणजे छपाईत कागद जरासा सरकला तरी अक्षरांभोवती पांढरी कड उघडी पडत नाही. स्पॉट चॅनेलच्या पर्यायांतील ‘सॉलिडिटी’चा आकडा केवळ पडद्यावरील दृश्यापुरता असतो, शाईच्या दाटपणाशी त्याचा काहीही संबंध नाही.

फाइल पीडीएफमध्ये साठवावी आणि अ‍ॅक्रोबॅटच्या आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये एकेक प्लेट बंद करून तपासावी. बारीक मजकूर मात्र, माझ्या मते, इलस्ट्रेटरमध्येच बसवावा, कारण चॅनेलमध्ये गेलेल्या अक्षरांचे पिक्सेल होतात आणि लहान टाइपाच्या कडा फाटतात.