रुपिन पाससाठी दोन महिन्यांत तयारी कशी करावी आणि सॅकमध्ये काय भरावं?

तुम्ही लिहिलंय की आधी फक्त केदारकंठा हा उत्तराखंडातला ट्रेक केला आहे, जूनच्या सुरुवातीला रुपिन पासला, म्हणजे हिमालयातल्या एका उंच खिंडीच्या ट्रेकला, निघायचंय आणि हातात दोन महिने आहेत. व्यायाम कोणता करायचा आणि सॅकमध्ये काय भरायचं, हा तुमचा प्रश्न. मी रुपिन जूनमध्येच केला, आणि माझी तयारी कुठे तोकडी पडली ते मला नेमकं आठवतंय. मी चालण्याची तयारी करून गेलो होतो. त्रास झाला तो थांबल्यावर.

केदारकंठ्याचा माथा साधारण 3,800 मीटरवर आहे, रुपिन पास 4,650 वर. पण फरक फक्त उंचीचा नाही. केदारकंठ्याला माथा गाठला की त्याच दिवशी बरंच खाली येता. इथे उत्तराखंडातल्या धौलापासून नदीच्या कडेने वर जायचं, वाटेत हिमाचलात शिरायचं, झाखा हे शेवटचं गाव मागे टाकायचं, आणि मग धबधब्याच्या खाली एक मुक्काम, वर एक मुक्काम. वरचा कॅम्प साधारण 4,000 मीटरवर आहे. विरळ हवेत चालायचं तर आहेच, पण झोपायचंही तिथेच आहे.

पासच्या दिवशी पहाटे निघालो, कारण उन्हं चढली की बर्फ मऊ होतो. पासखालच्या घळीच्या तोंडाशी पोहोचलो तेव्हा पुढे दुसरा गट होता आणि त्यांचा गाईड बर्फात पायऱ्या खोदत होता. आम्ही सावलीत उभे. माझी पाठ घामाने भिजलेली. पंधराएक मिनिटांत दात वाजायला लागले. पिसं भरलेलं उबदार डाऊन जॅकेट होतं, पण सॅकच्या तळाशी, स्लीपिंग बॅगच्याही खाली. बोटं इतकी बधिर झाली होती की सॅकचं बकल दाबलं जाईना. मागे उभ्या असलेल्या ताईंनी ते उघडून दिलं आणि जॅकेट उपसून माझ्या अंगावर टाकलं.

म्हणून सॅक भरताना प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा: अंधारात, हातमोजे घालून, ही मला दोन मिनिटांत सापडेल का? डाऊन जॅकेट सगळ्यात वर. वरच्या कप्प्यात कानटोपी, जाड हातमोजे, हेडटॉर्च. पॉन्चो बाहेरच्या कप्प्यात. स्लीपिंग बॅग आणि कॅम्पवरचे कपडे तळाशी.

कपड्यांत सुती काही नको, बनियनसुद्धा नाही. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि थांबल्यावर तोच गार पडतो. अंगाला लागून लवकर वाळणारा सिंथेटिक किंवा मेरिनो लोकरीचा टीशर्ट, त्यावर फ्लीस, थांबल्यावर डाऊन, आणि वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. चालायला लागताना किंचित गारठा जाणवला पाहिजे. आताच उबदार वाटत असेल तर दहा मिनिटांत घाम येणार, तेव्हा एक थर आधीच काढा. थर्मलचा एक जोड आणि लोकरी मोज्यांची एक जोडी फक्त झोपण्यासाठी राखून ठेवा. ते चालताना घालायचे नाहीत, कितीही मोह झाला तरी.

रेनकव्हरवर भिस्त ठेवू नका. पाठीच्या बाजूने पाणी आत जातंच. सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी लावा आणि सगळं तिच्यात भरा. स्लीपिंग बॅग ओली झाली तर त्या उंचीवर ती वाळत नाही.

गॉगल सगळीकडून डोळे झाकणारा, अतिनील किरणं अडवणारा हवा. ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, त्यामुळे ढगाळ दिवशीही तो काढायचा नाही. डोळ्यांना झालेली इजा त्या वेळी कळत नाही. काही तासांनी, तंबूत, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं.

पॉवर बँक आणि फोन रात्री मोज्यात गुंडाळून स्लीपिंग बॅगमध्ये घ्या, नाहीतर थंडीत बॅटरी बसते. झोपताना घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून पायाशी ठेवा, सकाळी प्यायलाही तेच. पाठीवरची नळीची पाण्याची पिशवी एकटीच नेऊ नका, नळी गोठते. मायक्रोस्पाइक्स (बुटांखाली लावायचे काटे) आणि गेटर्स (बुटांत बर्फ जाऊ न देणारी पोटरीवरची आवरणं) आयोजक देतात का ते विचारून घ्या, म्हणजे उगाच वजन वाढणार नाही. सॅक 8 ते 10 किलोच्या वर जाऊ देऊ नका.

आता उंची. ती जास्त महत्त्वाची. विरळ हवेचा त्रास बहुतेक वेळा उंची गाठल्यावर 6 ते 12 तासांनी, म्हणजे मुक्कामावर सुरू होतो: डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, जेवण नको वाटणं. खालच्या कॅम्पवर रात्री माझं डोकं दुखायला लागलं आणि मी गप्प बसलो, कारण सगळ्यांना थांबावं लागेल अशी भीती वाटली. ते चुकलंच. डोकं दुखत असेल तर लगेच ट्रेक लीडरला सांगा, आणि ते थांबेपर्यंत आणखी वर झोपायला जाऊ नका. चालताना झोक जायला लागला, बोलण्यात गोंधळ झाला, किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली उतरायचं. ते दुखणं सकाळची वाट बघत नाही.

3,000 मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच मुक्काम असावा. आयोजक निवडताना त्यांचा दिवसवार तक्ता या हिशोबाने तपासा. डायमॉक्स या विरळ हवेच्या त्रासावरच्या गोळीबद्दल डॉक्टरांना निघण्याआधी विचारा. प्रतिबंधासाठी साधारणपणे 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते जरूर सांगा.

व्यायामाने या त्रासापासून संरक्षण मिळत नाही. रोज पळणाऱ्यालाही तो होतो. व्यायामाने एवढंच होतं की दिवसाअखेर अंगात थोडं त्राण उरतं. पहिला महिना पळा. 5 किलोमीटर 35 मिनिटांच्या आत यायला हवेत. दुसऱ्या महिन्यात सॅकमध्ये 8 किलो घालून जिने चढा आणि, हे फार जण टाळतात, तेवढेच सावकाश उतरा. पास ओलांडल्यावर पलीकडच्या सांगला गावापर्यंत दोन दिवसांत जवळपास 2,000 मीटर उतरायचं आहे. माझ्या मांड्या तिथे थरथरत होत्या, चढताना नाही. शेवटच्या आठवड्यात व्यायाम हलका ठेवा.

बूट आजच घ्या आणि या सगळ्या सरावात तेच वापरा. उतारावर पाय पुढे सरकतो, म्हणून बोटांपुढे थोडी जागा हवी. मोजा घालूनच माप घ्या. आणि निघण्याच्या दोन दिवस आधी पायाची नखं सरळ कापा. मी कापली नव्हती, आणि उतरताना दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी झाली.