गुंतवणूकदार किती काळ थांबतील, हे तुमच्या आकड्यावर ठरेल

लहान इंटरनेट कंपनीने वर्षभर जाहिरातींवर खर्च करूनही ग्राहक वाढत नसतील, तर गुंतवणूकदार किती काळ धीर धरतात, असे आपण विचारले आहे. याच प्रश्नावरून माझा एकदा मोठा वाद झाला होता आणि तो माझ्या मनात अजून मिटलेला नाही, म्हणून लिहितो.

मी अशाच एका कंपनीचे मार्केटिंग सांभाळत होतो. दर तिमाहीच्या बैठकीत एक नवा ग्राहक मिळवण्यास किती खर्च आला, हा आकडा आम्ही मांडत असू आणि तो दिसायला चांगला असे. त्याचे कारण मला ठाऊक होते. बजेटचा मोठा भाग सर्च इंजिनवर आमच्याच नावाच्या शोधावर जाहिरात लावण्यात जात होता. जो माणूस आमचे नाव टाइप करून शोधत होता, तो खालच्या फुकटच्या दुव्यावरूनही आलाच असता; आम्ही मात्र त्याच्या क्लिकचे पैसे भरत होतो आणि वर त्याला जाहिरातीने आणलेला ग्राहक म्हणवत होतो. आमचे नावही न ऐकलेला ग्राहक कितीतरी महाग पडत होता, पण ते सरासरीत झाकले जाई. या जाहिराती दोन आठवडे बंद ठेवून पाहू, असे मी संस्थापकांना सुचवले. त्यांनी विचारले, "आकडा बिघडला तर बैठकीत काय दाखवायचे?" मी म्हणालो, बिघडलेलाच दाखवायचा. त्यांनी ऐकले नाही. तीन बैठकांनंतर एका गुंतवणूकदार बाईंनी हा खर्च वेगळा काढून मागितला आणि त्यानंतर आमच्या कोणत्याही आकड्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. गुंतवणुकीची पुढची फेरी झालीच नाही.

ऑनलाइन खरेदी-विक्रीची कंपनी ईबेने 2012 मध्ये नेमका हाच प्रयोग केला होता. काही सर्च इंजिनांवर स्वतःच्या नावाच्या जाहिराती त्यांनी थांबवल्या, तेव्हा गेलेले जवळजवळ सगळे क्लिक साध्या निकालांतून परत आले. इंटरनेटवर फायली साठवायला जागा देणाऱ्या ड्रॉपबॉक्स कंपनीला जाहिरातीतून एक ग्राहक 233 ते 388 डॉलरना पडत होता आणि त्यांची वर्षाची वर्गणी होती 99 डॉलर. हे मोजल्यामुळेच ते तो मार्ग सोडू शकले आणि मित्राला आणणाऱ्यालाही व येणाऱ्यालाही जादा साठवण जागा देऊ लागले. सप्टेंबर 2008 मध्ये त्यांचे एक लाख वापरकर्ते होते, ते जानेवारी 2010 मध्ये चाळीस लाख झाले.

धीराचे म्हणाल, तर व्हेंचर फंडाची, म्हणजे नव्या कंपन्यांत पैसे गुंतवणाऱ्या निधीची, मुदत साधारण दहा वर्षांची असते, पण आपल्याला मिळालेली रक्कम पुढच्या फेरीपर्यंत, म्हणजे बहुधा दीड ते दोन वर्षे पुरावी एवढीच असते. त्या अवधीत वाढ मंद असली तरी गुंतवणूकदार ऐकून घेतात. लपवलेला खर्च त्यांनाच शोधून काढावा लागला, तर ऐकत नाहीत, आणि माझ्या मते त्यांचे काही चुकत नाही.

प्रतिस्पर्धी आपल्या नावावर जाहिरात लावत असेल, तर आपली जाहिरात बंद केल्याने थोडे नुकसान होऊ शकते, हे सांगायला हवे. संकेतस्थळाला मिळणाऱ्या भेटी फार कमी असतील, तर दोन आठवड्यांत काही सिद्धही होणार नाही. तेव्हा अवधी वाढवावा. तरीही पुढच्या बैठकीआधी हा प्रयोग सुरू करा आणि संस्थापक अडवत असतील, तर त्यांची हरकत लेखी मागा. मी ती मागितली नव्हती.