मित्राच्या ग्रुपचं नवं नाटक आवडलं नाही, तर तसं लिहावं का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं : मित्राच्या ग्रुपचं नवं नाटक ऐंशी खुर्च्यांच्या हॉलमध्ये पाहिलं, दुसऱ्या अंकात कंटाळा आला, आता मित्र फेसबुकवर चार ओळी लिही म्हणून मागे लागलाय. आणि बाकीचे सांगताहेत की प्रायोगिक नाटकवाल्यांना नावं ठेवू नयेत, आधीच त्यांना प्रेक्षक नाही.

लिहा. फक्त 'आवडलं नाही' एवढंच लिहायचं असेल तर नका लिहू. तुमच्या हातातून नाटक नेमकं कुठे सुटलं ते लिहा. मी हे का म्हणतेय ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

२०११ साली मी पुण्यात एका हौशी ग्रुपमध्ये प्रकाशाचं बघायचे. दिवे लावायचेही मीच आणि प्रयोगाला ऑपरेट करायलाही मीच. नाटक दोन पात्रांचं, आई आणि मुलगी. वडील गेलेत, घर आवरणं चाललंय, आणि दुसऱ्या अंकात आईला ट्रंकेत वडिलांनी लिहिलेलं पण कधीच न टाकलेलं पत्र सापडतं. ती ते वाचते. सहा मिनिटं. अख्खं नाटक त्या सहा मिनिटांसाठी लिहिलेलं होतं. हॉल नव्वद खुर्च्यांचा. उंच स्टेज नाहीच, जमिनीवरच सगळं. पहिल्या रांगेतल्या माणसाने पाय लांब केले तर ट्रंकेला लागतील इतकं जवळ.

पत्राचा कागद मी घरी चहाच्या पाण्यात बुडवून दोरीवर वाळवला होता. घड्या खऱ्या पडाव्यात म्हणून महिनाभर तो पर्समध्ये घेऊन फिरले. प्रकाश म्हणाल तर डोक्यावरून सरळ खाली एकच स्पॉट, बाकी सगळं हळूहळू फेड-आउट. माझं टेबल शेवटच्या रांगेच्या मागे असायचं. तिथून ते चित्र फार देखणं दिसायचं. काळोखात ट्रंक, ट्रंकेवर बसलेली बाई आणि तिच्या हातात उजळलेला पिवळट कागद. रंगीत तालमीत पहिल्यांदा लावलं तेव्हा आमचे दिग्दर्शक, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो, खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

पहिले दोन प्रयोग झाले. आलेले बहुतेक घरचे आणि ओळखीचे. बाहेर पडताना लोक जे बोलतात तेच बोलले : वेगळा प्रयत्न आहे, मेहनत दिसते, नेपथ्य छान जमलंय. पत्राचं नाव एकानेही काढलं नाही. ज्या प्रसंगासाठी तीन महिने तालमी केल्या त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, याचा अर्थ आम्हाला तेव्हाच कळायला हवा होता. आम्ही वेफर्स खात 'प्रयोग रंगला' म्हणत बसलो.

तिसऱ्या प्रयोगाला पहिल्या रांगेत एक काका होते. आमच्यापैकी कोणाच्याच ओळखीचे नव्हते. पेपरातली छोटी जाहिरात वाचून, तिकीट काढून आलेले. त्या हॉलला कलाकारांसाठी वेगळं दार नव्हतं, त्यामुळे प्रेक्षक आणि आम्ही एकाच दारातून बाहेर पडायचो. काका चपला घालून थांबले होते. आईचं काम करणाऱ्या ताई बाहेर आल्यावर त्यांना म्हणाले, "तुम्ही पत्र वाचलंत ना, तेव्हा मला तुमचे डोळे दिसले नाहीत. तिथपर्यंत मी तुमच्याबरोबर होतो. मग मी घड्याळ बघितलं."

दादा शेजारीच होते. म्हणाले, "काका, तो अंधार मुद्दाम ठेवलाय. आईचं दुःख दिसू नये, फक्त ऐकू यावं, असा विचार आहे त्यामागे."

काका जरा थांबले. "असेल," म्हणाले, "पण मग मला ऐकूही येईना." नमस्कार करून गेले. पुन्हा कधी दिसले नाहीत.

सामान भरताना दादा म्हणाले, "बालगंधर्वचा प्रेक्षक चुकून इकडे आला." बालगंधर्व म्हणजे पुण्यातलं मोठं, व्यावसायिक नाटकांचं थिएटर. सगळे हसले. मीही हसले. ते हसणं मला अजून छळतं. कारण काका जे बोलले ते मी केलेल्या कामाबद्दल होतं, आणि अक्षरशः खरं होतं.

चौथ्या प्रयोगाच्या दिवशी दिवे लावून झाल्यावर मी काकांच्या खुर्चीत जाऊन बसले. ताईंना म्हटलं, ट्रंकेवर बसा, पत्र धरा, वाचा. मला काय दिसलं? केसांचा भांग, भांगातले पांढरे केस आणि कागदाची मागची बाजू. मान खाली, दिवा डोक्यावर, त्यामुळे डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खोबण्या. ताईंचा चेहरा त्या सहा मिनिटांत काय काय करायचा ते मी तालमीत दिवसाउजेडी पाहिलं होतं. त्यातलं काहीही तिथे बसलेल्या माणसापर्यंत पोचत नव्हतं. मागून बघताना हे कधी कळलंच नाही, कारण मागून चेहरा तसाही बारीक दिसत नाही. दादा तालमीत कायम मागे बसायचे, लेखक मागे, मी मागे. नव्वद खुर्च्यांच्या नाटकाला आम्ही हजार खुर्च्यांच्या थिएटरसारखं लांबून बघत होतो.

मी दादांना सांगितलं. समोरून डाव्या अंगाने, कमी उंचीवर एक लहान दिवा घेऊ, अगदी वीस टक्क्यांवर. अंधार तसाच राहील, फक्त डोळे मिळतील. ते चिडले. प्रेक्षकाला विचारून नाटक बसवत नसतात, म्हणाले. आणि मग ते वाक्य आलं जे प्रत्येक अडलेला दिग्दर्शक कधी ना कधी म्हणतो : "घाशीरामलाही लोकांनी नावं ठेवली होती."

हे वाक्य तुम्हालाही तुमच्या मित्राकडून ऐकू येईल, म्हणून त्याचं उत्तर इथेच देते, तेव्हा मला सुचलं नव्हतं. विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२चा. पुण्यात केवढा गदारोळ झाला, १९ प्रयोगांनंतर पीडीएने, म्हणजे ते बसवणाऱ्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या पुण्याच्या संस्थेने, स्वतःच ते थांबवलं, मग त्यातल्याच मंडळींनी १९७३मध्ये थिएटर अकॅडमी काढून ते पुन्हा उभं केलं. हे सगळं झालं कारण नाटक लोकांपर्यंत पोचलं होतं. जे बोचलं ते काय बोचलं हे विरोध करणाऱ्याला नीट सांगता येत होतं. आमचं पत्र पोचलंच नव्हतं. विरोध होणं आणि घड्याळ बघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घड्याळ बघणाऱ्या माणसाला उत्तर म्हणून कोणी घाशीराम पुढे करू नये.

पाचव्या प्रयोगाला मी तो दिवा लावला. कोणाला विचारलं नाही. पत्र उघडलं तसा डिमर अगदी थोडा वर घेतला. हॉलमध्ये खोकणारे थांबले. हे मी आधीचे चार प्रयोग त्याच टेबलावर बसून ऐकलं होतं, त्यामुळे फरक कळला. पत्राच्या वेळी लोक खोकायचे, खुर्च्या करकरायच्या. त्या दिवशी काही नाही. ताई नंतर मेकअप पुसताना म्हणाल्या, "आज वाचताना समोर कोणीतरी आहे असं वाटलं गं." त्यांनाही माहीत नव्हतं. दादांना मात्र लगेच कळलं. सहाव्या प्रयोगाला माझ्या टेबलावर दुसरा मुलगा होता आणि तो दिवा खाली उतरवलेला होता. सातवा प्रयोग शेवटचा ठरला. तेव्हापासून दादा जिथे विषय निघेल तिथे सांगतात की ते नाटक प्रेक्षकांना झेपलं नाही.

आता तुमच्याकडे येते. 'आधीच प्रेक्षक नाही, वर नावं काय ठेवायची' हे जे तुम्हाला सांगताहेत ते साफ चूक आहे. छोट्या हॉलमध्ये नाटकाचं नुकसान खोट्या कौतुकाने होतं. बालगंधर्वला हजाराच्या आसपास खुर्च्या आहेत, तिथे वीस लोक पेंगले तरी बाकीच्यांच्या हशात ते झाकलं जातं. आणि व्यावसायिक नाटकाला बुकिंगची खिडकी असते, ती निष्ठुरपणे खरं सांगते. ऐंशी खुर्च्यांच्या नाटकाला खिडकीवरून काहीच कळत नाही, कारण निम्मे लोक नात्यातले असतात. तिथे खरं सांगणारा फक्त तुम्ही असता. तुम्ही 'छान झालं' म्हणून घरी गेलात की सांगणारं कोणी उरत नाही.

आमच्याकडे मत देणं म्हणजे बाजू घेणं, ही सवय लहानपणापासून लागते. पुरुषोत्तम करंडक ही पुण्यातली कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३पासून चालू आहे. मीही तिथे 'अरे आवाज कुणाचा' म्हणत घसा बसवून घेतलाय आणि त्याचा मला अभिमान आहे. पण तिथे आपल्या कॉलेजची एकांकिका चांगलीच असते आणि समोरच्याची वाईटच असते. ते वय सरलं तरी ती सवय जात नाही. मग मोठेपणीही ग्रुपमधल्या माणसाने 'इथे मला कंटाळा आला' म्हटलं की तो फुटला असं वाटतं. मला ग्रुपमधून काढलं तेव्हा एकाने अगदी हेच म्हटलं होतं : तू कोणाच्या बाजूने आहेस? मी त्या पत्राच्या बाजूने होते.

दुसरं एक. कुठे बसलात ते जरूर लिहा. मोठ्या थिएटरबद्दल लिहिताना कोणी लिहीत नाही आणि चालतं. छोट्या जागेत ते निम्मं मत असतं. मुंबईत जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये प्रेक्षक तीन बाजूंनी बसतात, तिथे डावीकडच्याने पाहिलेलं नाटक आणि समोरच्याने पाहिलेलं नाटक एकच नसतं. काकांचं मत दादांना तेव्हाच पटायला हवं होतं, कारण ते नाटकाबद्दल काही बोललेच नव्हते. ते म्हणाले, मी इथे होतो आणि मला हे दिसलं नाही. याच्याशी वाद कसा घालणार? 'संहिता विस्कळीत आहे' म्हटलं की वाद घालता येतो. 'मुलगी दुसऱ्यांदा दार लावून जाते तिथपासून ती परत यावी असं मला वाटेना' म्हटलं की दिग्दर्शकाला त्या दारापाशी जाऊन बघावंच लागतं. तुमचा कंटाळा कुठल्या वाक्याला सुरू झाला ते आठवा. दोन दिवस झाले असले तरी आठवेल. शरीर विसरत नाही, माणूस खुर्चीत मागे टेकतो तो क्षण असतो.

छबिलदासचं नाव घेऊन कोणी गप्प करू पाहील, त्यालाही भुलू नका. १९७४पासून आविष्कार या नाट्यसंस्थेने दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात नाटकं केली, ती खुर्च्या जवळ होत्या म्हणून मोठी झाली नाहीत. इतक्या जवळून बघणाऱ्या माणसाला फसवता येत नाही, हे ओळखून काम करणारी माणसं तिथे होती. जागा छोटी आहे म्हणजे नाटक आपोआप सच्चं होतं असं समजणारे पुष्कळ भेटतात. छोट्या जागेत खोटं लवकर दिसतं, एवढंच.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. तुम्ही पहिलाच प्रयोग पाहिला असेल आणि पाठांतर कच्चं होतं, क्यू चुकले, असली तक्रार असेल तर ती फोनवर सांगा, जाहीर लिहू नका, चार प्रयोगांत ते सुधारतं. तिकीट काढलं नसेल, मित्राच्या पासावर गेला असाल तर तेही लिहा. शेवट फोडू नका. आणि मी पाचव्या प्रयोगाला जे केलं ते ऑपरेटरने करायचं नसतं. दिग्दर्शकाचा क्यू हा दिग्दर्शकाचा असतो, माझ्या हाताखाली कोणी असं केलं तर मीही चिडेन. दादांनी मला काढलं ते नियमाला धरून होतं. त्यांची चूक काकांना हसण्यात झाली आणि सहाव्या प्रयोगाला तो दिवा उतरवण्यात झाली. मी त्यांना हे दोनदा समोरासमोर सांगितलंय. दोन्ही वेळा ते म्हणाले की मला अंधाराचं सौंदर्य कळत नाही. मला कळतं, तो अंधार मीच लावला होता.

फेसबुकवर टाकण्याआधी मित्राला फोन करा. कुठे बसला होतात आणि कुठल्या वाक्याला मागे टेकलात, एवढंच सांगा. तो म्हणाला की ते मुद्दाम तसं ठेवलंय, तर त्याला म्हणा, ठीक आहे, पुढच्या प्रयोगाआधी दहा मिनिटं माझ्या खुर्चीत बसून बघ.