माळावरची विमाने : वाचकांची पत्रे आणि उत्तरे

रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांविषयी आणि ती उडवणाऱ्या मंडळींच्या गटांविषयी मागील अंकात आलेला लेख वाचून अनेक वाचकांनी पत्रे पाठवली. त्यांपैकी सहा पत्रे येथे घेतली आहेत. प्रस्तुत उत्तरे लिहिणारा स्वतः संभाजीनगरजवळच्या एका माळावर रविवारी पहाटे हजेरी लावणाऱ्यांपैकी आहे. त्यामुळे उत्तरांत त्याच्या स्वतःच्या चुकाही येतील, त्या वाचकांनी चालवून घ्याव्यात.

प्रश्न : मी ६६ वर्षांचा सेवानिवृत्त शिक्षक आहे. तरुणपणी एनसीसीच्या हवाई शाखेत बाल्सा लाकडाचे ग्लायडर केले होते, ती हौस मनात राहून गेली. आता हात किंचित थरथरतात आणि गटात सगळी विशी-तिशीतली मुले आहेत. या वयात शिकणे जमेल का? (अंबाजोगाई)

उत्तर : गुरुजी, आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. २००३ च्या ऑगस्ट महिन्यात मेनार्ड हिल या अमेरिकन गृहस्थांनी केलेले बाल्साचे विमान कॅनडातील न्यूफाउंडलंडहून निघाले आणि अटलांटिक महासागर ओलांडून ३८ तासांहून अधिक वेळाने आयर्लंडमध्ये उतरले. त्याचे वजन ५ किलोंच्या आत होते. हिल त्या वेळी ७७ वर्षांचे होते, त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती आणि ऐकूही कमी येत होते. समुद्रावर विमान स्वतःच दिशा सांभाळत होते, हे खरे. पण पलीकडच्या किनाऱ्यावर ते उतरवून घ्यायला त्यांचा एक सोबती रिमोट घेऊन उभा होता. आपल्यालाही असाच एक सोबती लागेल आणि तो गटातच मिळेल.

थरथरीची फार चिंता करू नये. आजच्या ट्रान्समीटरमध्ये, म्हणजे हातातल्या रिमोटमध्ये, ‘एक्स्पो’ नावाची सोय असते. ती लावली की दांडा (ट्रान्समीटरवरची बोटाने ढकलायची काडी) मधल्या जागी थोडासा हलला तरी विमान जवळपास हलत नाही, आणि मुद्दाम पूर्ण ढकलला तरच पूर्ण वळते. आपली खरी परीक्षा विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागेल तेव्हा होईल, कारण त्या वेळी त्याचे डावे आपल्या उजव्या हाताला आलेले असते आणि भल्याभल्यांची बोटे गोंधळतात. यावर जुन्या मंडळींचा तोडगा असा, की डावे-उजवे विसरावे आणि जो पंख खाली झुकलेला दिसतो, त्याच बाजूला दांडा न्यावा, जणू पडत्या पंखाला खालून टेकू दिला. हे संगणकावरच्या सिम्युलेटरवर महिनाभर घोटावे. त्यानंतर पंख वरच्या बाजूला असलेले आणि पंखांची टोके किंचित उचललेली ट्रेनर जातीची विमानेच घ्यावीत, कारण दांडा सोडला की ती बरीचशी आपली आपण सरळ होतात. शिकवणाऱ्याचा ट्रान्समीटर आपल्या ट्रान्समीटरला जोडलेला असेल, तर गडबड होताच तो एक कळ दाबून ताबा स्वतःकडे घेतो आणि विमान वर नेऊन पुन्हा आपल्या हाती देतो. राहिला प्रश्न मुलांचा. आमच्या माळावर नव्या माणसाच्या पहिल्या क्रॅशला कोणी हसत नाही, तिसऱ्याला मात्र सगळे हसतात आणि तोपर्यंत तोही हसायला लागलेला असतो.

प्रश्न : माझा १३ वर्षांचा मुलगा असे विमान हवे म्हणून हट्ट धरून बसला आहे. ते धोक्याचे नाही ना? अभ्यासाचे नुकसान होईल का? (परभणी)

उत्तर : ताई, अभ्यासाचे उत्तर आपल्या घरातच मिळेल. धोक्याविषयी मात्र स्पष्ट लिहितो. जी विजेची मोटर नवशिक्यांना सर्रास दिली जाते, ती एका व्होल्टला मिनिटाला १००० फेरे अशा मापाची असते. तीन सेलच्या ११.१ व्होल्टच्या बॅटरीवर पंखा (प्रोपेलर) नसताना हेच फेरे ११ हजारांच्या वर जातात. पंखा लावल्यावर वेग कमी होतो, तरी बोट कापायला तो पुरेसा आहे. म्हणून घरात टेबलावर जोडणी करताना पंखा काढून ठेवलाच पाहिजे, यात सवलत नाही. दुसरी गोष्ट बॅटरीची. या विमानांतली लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी मोबाइलसारखी रात्रभर उशाशी चार्जिंगला लावून झोपायची वस्तू नव्हे. ती तिच्याच चार्जरवर, फरशीवर, कोणी तरी जागे असताना चार्ज करावी आणि प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर जाऊ देऊ नये. आठवडाभर उडवायचे नसेल तर प्रत्येक सेल साधारण ३.८ व्होल्टवर ठेवावा. मुलाला आधी थर्माकोलचे हाताने फेकायचे ग्लायडर करू द्यावे. त्याच्या नाकाला चिकटपट्टीने नाणे चिकटवले तर काय होते आणि काढले तर काय होते, हे तो स्वतः पाहील. विमानाचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव ते एकतृतीयांश रुंदीवर का असावा लागतो, ते त्याला पुस्तकाविना कळेल. एवढे झाल्यावरही हट्ट टिकला, तर त्याला घेऊन एका रविवारी एखाद्या गटाच्या माळावर जावे, आणि खरेदी त्यानंतरच करावी.

प्रश्न : आमचा अकरा जणांचा गट आहे. दोघे तरुण सदस्य वेगवान विमाने बसलेल्या लोकांच्या डोक्यावरून नेतात. ज्येष्ठांनी बोलल्यावर व्हॉट्सॲपवर भांडण झाले आणि आता तिघे येईनासे झाले आहेत. नियम करावेत, तर हौशीच्या ठिकाणी नियम कशाला, असे म्हणतात. (जालना)

उत्तर : या पत्राला थोडे सविस्तर उत्तर देणे भाग आहे, कारण हे भांडण फक्त जालन्याचे नाही.

आजचे २.४ गिगाहर्ट्झ लहरींचे संच येण्यापूर्वी २७, ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झचे ट्रान्समीटर असत आणि कोणाचा संच कोणत्या वाहिनीवर (चॅनेलवर) चालेल, हे त्यातल्या स्फटिकावर ठरे. एकाच वाहिनीवर दोघांनी ट्रान्समीटर सुरू केले, की हवेत असलेले विमान मालकाचे ऐकेनासे होऊन कोसळे. त्यामुळे जगभरच्या क्लबांमध्ये मैदानावर एक फळी असे आणि तिच्यावर वाहिनीचा क्रमांक लिहिलेले कपड्यांचे चिमटे लावलेले असत. आपल्या वाहिनीचा चिमटा हातात आल्याशिवाय ट्रान्समीटरला हात लावायचा नाही, असा दंडक होता. चिमटा जागेवर नसेल तर तो कोणाकडे आहे, हे विचारत फिरावे लागे. म्हणजे उडवण्याआधी प्रत्येकाला दुसऱ्याशी बोलावेच लागे. आजचे संच लहरींवर स्वतःच जागा बदलत राहतात, एकमेकांच्या आड येत नाहीत, आणि ही सोय झाल्यापासून माणूस गाडीतून उतरतो, बॅटरी लावतो आणि कोणाकडे न पाहता उडवू लागतो. तंत्रज्ञान सुधारले याचा आनंदच आहे, पण आपल्या गटाचे भांडण त्या हरवलेल्या चिमट्यापाशी सुरू झाले, असे माझे मत आहे.

तेव्हा बोलणे भाग पाडतील असे नियम करावेत आणि ते मोजकेच असावेत. चुन्याने एक रेघ आखावी. विमाने रेघेच्या पलीकडे, माणसे अलीकडे. रेघ ओलांडून विमान अलीकडे आणणाऱ्याने त्या दिवशी पुन्हा उडवायचे नाही, मग तो गटाचा संस्थापक का असेना. उडवणारे सगळे एकाच ठिकाणी, खांद्याला खांदा लावून उभे राहावेत, म्हणजे ‘उतरवतो’, ‘मोटर बंद पडली’ हे शब्द सर्वांना ऐकू जातील. ज्याची मोटर बंद पडली, त्याला उतरायचा पहिला मान. आणि प्रत्येक उडवणाऱ्याच्या मागे एक जण उभा असावा.

हा मागचा माणूस का लागतो, ते मी स्वतःच्या खर्चाने शिकलो आहे. एका दुरुस्तीनंतर मी एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) हलतो की नाही एवढेच पाहिले, कोणत्या बाजूला हलतो ते पाहिले नाही. ती पट्टी हलवणारी छोटी मोटर, म्हणजे सर्व्हो, उलटा बसला होता. विमान उठले, डावीकडे झुकले, मी उजवा दांडा दिला तसे ते आणखी डावीकडे झुकले, मी आणखी दिला, आणि चार सेकंदांत दोन महिन्यांचे काम जमिनीत गेले. तेव्हापासून आमच्याकडे मागचा माणूस मोठ्याने विचारतो, ‘उजवा दांडा?’ आणि उडवणारा उजव्या पंखाकडे पाहून सांगतो, ‘उजवा एलेरॉन वर.’ पहिल्या काही रविवारी हे शाळेतल्या पाढ्यासारखे वाटते. आपल्या त्या दोन तरुणांना हेच काम द्यावे. त्यांची नजर तेज असते, आणि दुसऱ्याच्या विमानासाठी घसा कोरडा केला की डोक्यावरून विमान नेण्याची खुमखुमी आपोआप उतरते. रुसलेल्या तिघांना व्हॉट्सॲपवर समजावू नये. त्यांच्या घरी जावे, आणि पुढच्या रविवारी सुशीला (चुरमुऱ्यांचा नाश्ता) व चहा त्यांच्याच डब्यांतून येईल, असे सांगून यावे.

प्रश्न : आमच्या भागात उडवायला सरकारी परवानगी लागते का? (नांदेड)

उत्तर : ड्रोनविषयीचे नियम २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झाले. शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी, नजरेच्या टप्प्यातच उडवल्या जाणाऱ्या २५ किलोंपर्यंतच्या मॉडेलची व्याख्या त्यांत स्वतंत्र दिली आहे. जागेचा प्रश्न डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरच्या नकाशावरून सुटतो. हिरव्या पट्ट्यात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत उडवता येते. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे आणि त्याहून जवळ परवानगीशिवाय उडवायचे नाही. नांदेडचा विमानतळ शहराला खेटूनच असल्याने गच्चीवरून किंवा जवळच्या मोकळ्या प्लॉटवरून उडवण्याचा विचार सोडून द्यावा. जागा गायरानाची असेल तर ग्रामपंचायतीला आणि जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून पोच घ्यावी. गावात सण किंवा मोठ्या नेत्याचा दौरा असेल त्या दिवशी विमाने घरीच ठेवावीत.

प्रश्न : गेल्या मे महिन्यात विमान नीट उठतच नव्हते आणि दोन बॅटऱ्या फुगल्या. दोष कशात असावा? (बीड)

उत्तर : दोष उन्हात. पहाटेच्या २४ अंशांच्या हवेपेक्षा दुपारची ४२ अंशांची हवा सुमारे ६ टक्के विरळ असते. पंखांना आणि पंख्याला तेवढा आधार कमी मिळतो, म्हणून धावही लांबते आणि तेवढाच जोर मिळवायला मोटर अधिक वेगाने फिरवावी लागते. त्यातच बॅटऱ्या बंद मोटारीत ठेवल्या असतील तर त्या फुगणारच. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. उन्हाळ्यात साडेआठपर्यंत सारे आवरावे. पुढे माळावर वावटळी उठू लागतात आणि फोमचे विमान त्यांच्यापुढे पाचोळ्यासारखे असते.

प्रश्न : माझ्या शेताशेजारच्या गायरानावर शहरातली मुले विमाने उडवतात. मागच्या महिन्यात एक विमान माझ्या तुरीत पडले आणि ते शोधायला सहा जण पिकातून फिरले. बैलही बुजतात. यांना काही रीत आहे की नाही? नातू मात्र रविवारी सकाळपासून बांधावर जाऊन बसतो, त्याला हटकावे का? (औसा तालुका)

उत्तर : पाटील, आपला राग रास्त आहे. विमान पिकात पडले तर एकानेच जायचे, तेही शेतमालकाला विचारून आणि पिकाच्या तासाच्या (ओळीच्या) कडेने. बाकीच्यांनी उडवणाऱ्याच्या जागीच उभे राहून हाताने दिशा दाखवायची, कारण ती जागा सोडली की पडल्याची रेषा हरवते आणि मग सहा जणांचे साठ फेरे होतात. मोडलेल्या झाडांची भरपाई त्याच दिवशी, आपण सांगाल तशी द्यायला हवी. बैल जुंपलेले दिसले तर त्या बाजूला विमान न्यायचेच नाही. हे आपण मुलांना बांधावर बोलावून सांगावे. ही चांगल्या गटांची रीतच आहे, उपकार नव्हे.

एक गोष्ट मात्र आपल्याही हिताची आहे. पडलेले विमान शोधू नका, असे त्यांना म्हणू नये. त्यातली बॅटरी आपटून चेपली असेल तर ती काही वेळानेही पेट घेऊ शकते, आणि वाळत आलेल्या तुरीत ते परवडणारे नाही. विमान सापडताच बॅटरी काढून मोकळ्या मातीवर, पिकापासून दूर ठेवायला सांगावे.

माझे स्वतःचे एक पिवळे विमान कापसात नऊ दिवस हरवले होते. पिकात पुन्हा पाय ठेवायचा नाही, म्हणून मी नाद सोडला होता. दहाव्या दिवशी वेचणीला आलेल्या एका बाईंनी ते ओटीतल्या कापसासकट बांधावर आणून ठेवले आणि विचारले, ‘हे पाखरू तुमचंच का?’ एक पंख मोडला होता, बाकी सारे शाबूत. त्या शेतमालकाकडे आमचा गट दर हिवाळ्यात हुरड्याला जातो. लाकूडफाटा आम्ही नेतो, कणसे त्यांची.

नातवाला हटकू नये, पण बांधावर एकट्याने बसू देऊ नये, कारण तिथे विमान कोठून येईल ते त्याला कळणार नाही. त्याला मुलांच्या रेघेच्या अलीकडे, मोठ्या माणसाशेजारी बसवावे. येळवशीला (वेळ अमावास्येला) या मुलांना शेतात भज्जी-आंबिलीला बोलावलेत, तर तुरीचा हिशेबही तिथेच मिटेल. आणि शिकवणीचे दोन ट्रान्समीटर त्यांच्याकडे असतील, तर त्यातला एक पाच मिनिटे नातवाच्या हाती द्यायला सांगावे. विमान तेव्हा उंचावर असू द्या, म्हणजे चूक झाली तरी सावरायला दुसऱ्याला वेळ मिळतो.