खोक्यांत मिळालेली 1956 ची बीएसए गोल्डन फ्लॅश मोटरसायकल पुन्हा उभी करायची आहे. योग्य सुटे भाग कसे मिळवायचे?

तुम्ही लिहिलंय की अर्धी गाडी सांगाड्यावर आहे, अर्धी चार खोक्यांत, इंजिन जाम आहे आणि लागतील त्या भागांची एकदम ऑर्डर द्यायचा विचार आहे. यादी जरूर करा. ऑर्डर मात्र थांबवा.

बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ कारखान्यातून त्या वर्षी ही 646 सीसीची गाडी दोन प्रकारांत बाहेर पडत होती. एक जुनी प्लंजर, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना उभ्या नळकांड्यांत स्प्रिंगा असलेली. दुसरी 1954 पासून आलेली स्विंगिंग आर्म, म्हणजे मागचं चाक वरखाली झुलणाऱ्या दांड्यांवर बसवलेली. फरक मागच्या चाकापुरता वाटतो, पण तसा नाही. प्लंजरमध्ये गिअरबॉक्स इंजिनाच्या पाठीलाच बोल्टने आवळलेला असतो, स्विंगिंग आर्ममध्ये तो वेगळा बसतो. त्यामुळे क्रँककेस (इंजिनाचं खालचं कवच) वेगळं, चेनकेस (चेनीवरचं झाकण) वेगळं, त्याच्या आतली, इंजिनाकडून गिअरबॉक्सकडे जाणारी प्रायमरी चेनसुद्धा एकीकडे दुपदरी तर दुसरीकडे एकपदरी.

हे ज्ञान मला फुकट मिळालेलं नाही. माझी गाडी प्लंजर. एका ऑटोजंबलमध्ये (जुन्या भागांचा बाजार) एक चेनकेस दिसलं, चकचकीत, कुठे चीर नाही. विकणारा म्हणाला, गोल्डन फ्लॅशचंच आहे, आणि तो खोटं बोलत नव्हता. घरी लावायला गेलो तर भोकंच जुळेनात. ते अजून माळ्यावर पडून आहे.

म्हणून आधी नंबर बघा. इंजिनाचा नंबर डाव्या क्रँककेसवर, सिलिंडरच्या बुडाखाली ठोकलेला असतो. तो बीए10 ने सुरू होत असेल तर इंजिन प्लंजरचं, सीए10 असेल तर स्विंगिंग आर्मचं. इंजिन आणि सांगाड्याचे नंबर एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून घाबरू नका, त्या काळात बीएसए ते जुळवत नव्हती. कारखान्यातून कोणतं इंजिन कोणत्या सांगाड्यात गेलं हे फक्त रवानगीच्या वह्यांत सापडतं. त्या वह्या ब्रिटनच्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबकडे आहेत. हा क्लब 1946 पासूनचा आहे आणि पैसे भरले की नोंदीचा उतारा देतो.

मग कारखान्याच्या सचित्र सुट्या भागांच्या यादीचं पुनर्मुद्रण मिळवा, आपल्याच वर्षाचं आणि आपल्याच प्रकाराचं. त्यातले क्रमांक बोलतात. 67 ने सुरू होणारा भाग ए7-ए10 घराण्यातला (ए10 म्हणजेच गोल्डन फ्लॅशचं मॉडेल), 42 ने सुरू होणारा स्विंगिंग आर्मच्या सांगाड्याकडचा. विकणाऱ्याला ‘ए10 चा बुश (दांडा ज्यात फिरतो ती धातूची नळी) आहे का?’ असं विचारण्याऐवजी क्रमांक सांगा, निम्मी फसगत तिथेच टळते.

आता आटे. इथे भलेभले चुकतात. या गाडीवर मिलिमीटरचं काही चालत नाही आणि इंचांतही तीन-चार बिऱ्हाडं एकत्र नांदतात: अ‍ॅल्युमिनियममध्ये जाणाऱ्या स्टडला जाड व्हिटवर्थ, काही ठिकाणी बीएसएफ (ब्रिटिश बारीक आटे), आणि पोलादावर मुख्यतः बारीक सायकल थ्रेड. 5/16 इंचाचा बोल्ट घ्या: बीएसएफ असेल तर इंचाला 22 आटे, सायकल थ्रेड असेल तर 26, आणि हल्ली सहज मिळणारा यूएनएफ (अमेरिकन पद्धतीचे बारीक आटे) असेल तर 24. यूएनएफचा बोल्ट सायकल थ्रेडमध्ये दोन-तीन फेरे छान जातो, मग अडतो, आणि तुम्ही पाना ओढलात की आटे गेलेच. पाव इंचाची गंमत तर त्याहून वाईट. बीएसएफ आणि सायकल दोन्हींना 26 च आटे, पण एकाचा कोन 55 अंश, दुसऱ्याचा 60. आट्यांचा गेज घ्या आणि व्हिटवर्थचे पाने घ्या. त्या पान्यांवरचा आकडा बोल्टच्या डोक्याचा नसून आट्याच्या व्यासाचा असतो. म्हणून एकाच पान्यावर 1/4 व्हिटवर्थ आणि 5/16 बीएसएफ असे दोन्ही आकडे दिसले तर तो छापखान्याचा घोळ समजू नका.

जुना भाग कितीही सडका असला तरी नवा बसून गाडी चालेपर्यंत फेकू नका. तो तुमचा नमुना आहे. इंग्लंडमधल्या ब्यूलीला सप्टेंबरमध्ये मोठा ऑटोजंबल भरतो. तिथे जाताना पिशवीत जुना भाग, व्हर्निअर आणि एक लोहचुंबक ठेवा. टाकीवर चुंबक चिकटेनासा झाला की रंगाखाली पुट्टी आहे असं समजा. नव्याने बनवलेल्या नकली भागांत चांगलेही असतात, पण माझ्या मते झिजलेला अस्सल भाग दुरुस्त होत असेल तर तोच लावावा. तो निदान जागेवर बसतो.

जाम इंजिनाला किकवर उभं राहून हिसके देऊ नका. प्लगच्या भोकांतून पातळ तेल सोडा आणि आठवडाभर विसरा. सुटलं तरी तसंच चालू करू नका. क्रँकच्या आत गाळ साठणारी एक नळी असते. पन्नास वर्षांचा चिखल तिथे दगड होऊन बसतो आणि बिग एंडचं, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो त्या बेअरिंगचं, तेल अडवतो. टायमिंगच्या बाजूचा बुशही मोजून घ्या. बिग एंडला तेल त्यातूनच जातं, तो झिजला की तेल वाटेतच गळतं आणि पंप नवा घालूनही उपयोग होत नाही. या दोन गोष्टींसाठी इंजिन पूर्ण उघडावंच लागेल.

विजेचं थोडक्यात: सहा व्होल्ट, आणि बॅटरीचं धन टोक सांगाड्याला. सवयीने उलटं जोडाल.

रंगाची घाई तर अजिबात नको. पावडर कोटिंग इतकं जाड बसतं की ठोकलेले नंबर बुजतात. आज एवढंच करा: क्रँककेसवरची ती जागा रॉकेल आणि फडक्याने पुसा, तारेचा ब्रश लावू नका, आणि नंबरचं पहिलं अक्षर कोणतं आहे ते कळवा. प्लंजर निघाली तर चेनकेस देऊ शकणार नाही. स्विंगिंग आर्म निघाली तर माझा माळा मोकळा होईल.