सूट मिळूनही आंदोलनात

प्रश्न : विस्कॉन्सिनच्या २०११च्या कायद्यातून वगळलेले अग्निशमन कर्मचारी आंदोलनात का उतरले?

उत्तर : सार्वजनिक कर्मचाऱ्यांना सामूहिक वाटाघाटींचा, म्हणजे संघटनेमार्फत वेतन व सेवाशर्ती ठरवण्याचा, हक्क १९५९ मध्ये सर्वप्रथम देणाऱ्या या अमेरिकी राज्यात गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी या कायद्याद्वारे शिक्षकांसह बहुतेकांच्या वाटाघाटी मूळ वेतनापुरत्या, त्याही महागाई दराइतक्याच वाढीच्या मर्यादेत, आणून ठेवल्या. शिवाय संघटनेची मान्यता टिकवण्यासाठी दरवर्षी मतदान आले, ज्यात मत न देणारा कर्मचारीही विरोधातच धरला जाई. पोलीस व अग्निशमन दलाला दिलेली सूट हा, माझ्या मते, सरळसरळ फूट पाडण्याचा डाव होता. अग्निशमन कर्मचारी मात्र बॅगपाइप वाजवत राजधानी मॅडिसनच्या विधान भवनात शिरले, कारण आज शिक्षकांचा हक्क गेला तर उद्या आपली पाळी येणार, हे उघड होते. कायदा तरीही संमत झाला.